गोधडीची साधने : काय घ्यावे, काय घेऊ नये

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील मोठे गाव आहे. बालाघाटच्या या मुलखात खरिपात सोयाबीन व तूर आणि रब्बीत ज्वारी व हरभरा ही पिके घेतली जातात. पाऊस बेताचा, आणि तोही लहरी. त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या भागात जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याचे पोते चढते, भांडी चढतात, कोयते चढतात आणि सर्वांत शेवटी अंथरुणाची वळकटी चढते. ही वळकटी म्हणजे बहुतेक घरांत गोधड्यांचीच असते.

उसाच्या फडाजवळ पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत पाच महिने काढावयाचे असतात. शेजारचे रान नुकतेच भिजविलेले असले म्हणजे जमिनीतून ओल वर येते, आणि पौष महिन्यातील पहाटे थंडी कोपीत सरळ आत शिरते. खाली एक व वर एक अशा दोन चांगल्या गोधड्या असल्या तर माणूस झोपतो, नसल्या तर रात्रभर कुडकुडतो. मोठी माणसे ते सोसतात. लहान मूल मात्र खोकल्या-तापाने पडते, आईला फड सोडून त्याच्यापाशी बसावे लागते आणि त्या खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. गोधडी हा विषय शेतकरी कुटुंबाच्या जमाखर्चात येतो तो असा. म्हणूनच गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो केवळ बायकांच्या फावल्या वेळाचा उद्योग समजून बाजूला सारू नये.

गोधडी शिवणे ही कला या भागात नवी नाही. परंतु ज्या घरांतून दोन पिढ्या बाजारची चादर व ब्लँकेट वापरात आले, तेथील तरुण मुलींच्या हाताला हे काम राहिलेले नाही. आता त्यांना ते शिकावयाचे असते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : “काय काय आणावे लागेल?” याचे उत्तर देताना दोन प्रकारच्या चुका होताना दिसतात. काही घरी पोती शिवण्याचे दाभण व सुतळी घेऊन तशीच सुरुवात होते. याउलट काही बचत गटांत आधी शिलाई मशीन घेण्याचा विचार होतो व त्यासाठी कर्जाचा अर्ज भरला जातो. दोन्ही मार्ग नवशिक्या हाताला हितावह नाहीत. गोधडीला विकत घ्यावी लागणारी साधने थोडी आहेत. चांगली सुई, योग्य दोरा, अंगुस्तान आणि कात्री एवढी ती होत. बाकीची घरात असतात, किंवा थांबू शकतात. मात्र या चारांपैकी पहिली दोन निवडण्यात हयगय झाली, तर महिनाभराची मेहनत एका धुण्यात वाया जाते.

एक भेद आरंभीच स्पष्ट करणे इष्ट आहे. गादी किंवा रजई म्हणजे पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस खोळीत भरून मोजक्या ठिकाणी टाके घातलेली वस्तू. गोधडी, म्हणजेच वाकळ, ही जुन्या कापडांचे थर एकावर एक रचून साऱ्या अंगभर धावदोरा घालून तयार होते. गादीचे टाके कापूस जागेवर धरण्यापुरते असतात. गोधडीचे टाके मात्र तिचे सारे बळ असतात, कारण मधली लुगडी आधीच झिजलेली असतात. अशा झिजलेल्या कापडाला कोणती सुई व कोणता दोरा सोसेल, हाच साधनांच्या निवडीतील मुख्य विचार होय.

सुईची पारख

दाभण हे गोणीसाठी आहे. तागाच्या गोणीची वीण विरळ असते, तिच्यातून जाड टोक सहज जाते व भोक पुन्हा बुजते. मऊ पडलेल्या सुती लुगड्यातून तेच दाभण गेले की धागे बाजूला सरण्याऐवजी तुटतात. एका ओळीत अशी शे-दीडशे भोके पडली म्हणजे त्या ओळीवर कापड फाटावयास तयारच होते. नव्या गोधडीत हा दोष दिसत नाही. पहिल्या धुण्यानंतर, ओले कापड पिळताना, ती टाक्यांच्या रेषेवर उसवू लागते आणि मग दोष दोऱ्याच्या माथी मारला जातो.

हाताने शिवण्याच्या सुयांना क्रमांक असतात व ते पाकिटावर छापलेले असतात. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. हातसुईचा क्रमांक जितका लहान, तितकी ती जाड व लांब. जितका मोठा, तितकी ती बारीक व आखूड. मशीनच्या सुईचे याच्या नेमके उलट असते, तिचा क्रमांक वाढला की जाडी वाढते. ज्या घरी मशीन आहे त्या घरची स्त्री मशीनच्या हिशेबाने हातसुई मागते आणि दहा क्रमांकाची नाजूक सुई घेऊन येते. ती चार थरांत शिरताच वाकते.

तीन-चार थरांच्या पांघरावयाच्या गोधडीस 1 ते 4 क्रमांकाची, सुमारे पाच सेंटीमीटर लांबीची सुई सोयीची पडते. लहान मुलाच्या मऊ दुपट्यास 5 ते 7 क्रमांकाची पुरते. खाली अंथरण्याच्या पाच-सहा थरांच्या वाकळेस रफूची लांब सुई घ्यावी. तिची लांबी जास्त व नेढे मोठे असल्यामुळे एका वेळी तीन-चार टाके सुईवर भरता येतात आणि मग सुई ओढता येते. गोधडीच्या कामाचा वेग येतो तो याच युक्तीने. आखूड सुईने एकेक टाका काढणाऱ्या हाताला दिवसाअखेर चार ओळीही होत नाहीत.

दुकानातच सुई तपासून घेण्यात संकोच मानू नये. सपाट काचेवर किंवा पालथ्या ताटलीवर ती बोटाने घरंगळवावी. सरळ सुई एकसारखी फिरते, वाकडी असेल तर अडखळत उड्या मारते. टोक नखावरून अलगद फिरविले असता ओरखडा उठता कामा नये, उठल्यास टोक बोथट किंवा मुडपलेले आहे असे समजावे. तिसरी परीक्षा नेढ्याची, आणि तीच बहुधा कोणी करीत नाही. नेढ्यात दोरा ओवून तो आठ-दहा वेळा मागेपुढे ओढावा. दोऱ्यावर कापसासारखे तंतू उभे राहिले तर नेढ्याच्या आत धार राहिलेली आहे. अशी सुई दिसावयास कितीही चकचकीत असली तरी दर ओळीत दोरा तोडीत राहील.

एका गोधडीसाठी एकाच क्रमांकाच्या चार सुया घ्याव्यात. एक मोडली व एक हरवली तरी काम अडत नाही. पावसाळ्यात सुया गंजतात आणि गंजलेली सुई कापडावर न जाणारा तांबूस डाग पाडते. कोरड्या फडक्याच्या घडीत, झाकणाच्या लहान डबीत त्या ठेवाव्यात. काम करताना सुई केसांतून ओढण्याची आजीबाईंची सवय निरर्थक नाही. केसांच्या तेलाचा अंश लागून ती थरांतून हलकी जाते. तेच काम वाळलेल्या साबणाचा तुकडाही करतो.

दोरा आणि त्याचा हिशेब

सध्या बाजारात नायलॉन व पॉलिएस्टरचा दोरा सर्वत्र मिळतो. तो तुटत नाही, म्हणून तो पक्का आणि पक्का म्हणून चांगला, असा समज आहे. नव्या जाड कापडाला तो चांगलाच. पण जुन्या सुती लुगड्यापेक्षा दोरा फार बळकट झाला की ओढाताणीत कापडच तुटते. उसाच्या फडावर धुणे कॅनॉलच्या किंवा विहिरीच्या काठी दगडावर आपटून होते. तेथे सुती दोऱ्याचा एखादा टाका तुटला, तर तो पाच मिनिटांत पुन्हा घालता येतो. नायलॉनच्या दोऱ्याने कापड चिरले, तर त्यावर ठिगळच लावावे लागते. तुटावयाचेच असेल तर दोऱ्याने तुटावे, कापडाने नव्हे, असा हा साधा न्याय आहे. म्हणून सुती थरांसाठी अनेक पदरी, पिळाचा सुती दोरा पसंत करावा. सुतळी, पतंगाचा मांजा, खताच्या पोत्याची उसवलेली शिवण यांपैकी कशाचाही उपयोग करू नये.

दोरा घेण्यापूर्वी हातभर उलगडून उजेडाकडे धरावा. जागोजाग गाठी किंवा बारीक-जाड भाग दिसल्यास ते रीळ परत करावे. रंगीत दोरा असेल तर त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहावा. लाल व काळ्या दोऱ्याचा रंग उतरून अख्खी गोधडी डागाळण्याचा प्रसंग फार वेळा येतो.

किती दोरा लागेल याचा अंदाज आधी बांधला नाही म्हणजे काम अर्ध्यावर थांबते. हिशेब अवघड नाही. गोधडी 2.1 मीटर लांब व 1.5 मीटर रुंद धरली आणि ओळींमध्ये अडीच सेंटीमीटर अंतर ठेवले, तर 60 ओळी होतात. दर ओळ 2.1 मीटर, म्हणजे एकूण शिवण 126 मीटर. दोरा थरांतून वरखाली जातो, शिवाय गाठींत व टोकांत काही वाया जातो. हे धरून सव्वापट ते दीडपट, म्हणजे 160 ते 190 मीटर दोरा लागतो. दुहेरी दोऱ्याने शिवावयाचे तर 320 ते 380 मीटर. ओळी सव्वा सेंटीमीटरवर घेतल्या तर याच्या दुप्पट. सरळ ओळींऐवजी कडेपासून आत चौकोनात फिरत गेले तरी शिवणीची लांबी जवळजवळ तेवढीच भरते, त्यामुळे हाच हिशेब तेथेही चालतो. रिळावर मीटर छापलेले असतात. त्यावरून रिळे मोजून एकाच वेळी, एकाच रंगाची आणावीत.

सुईत एका वेळी दीड हातापेक्षा लांब दोरा ओवू नये. वारंवार ओवण्याचा कंटाळा म्हणून तीन-तीन हात दोरा घेतला जातो, पण तो गुंततो, आणि प्रत्येक टाक्यागणिक कापडातून घासला जाऊन शेवटी विरतो. मधमाशीच्या मेणाचा खडा मिळाल्यास दोरा त्यावरून एकदा ओढून घ्यावा, म्हणजे पीळ सुटत नाही व गुंताही कमी होतो.

ओवण्याच्या कंटाळ्याचे मूळ पुष्कळदा डोळ्यांत असते. शिकविणारी सासू किंवा आजी चाळिशीच्या पुढची असते. तिला नेढे दिसत नाही, हे ती सांगत नाही आणि ‘आता हात चालत नाही’ असे म्हणून बाजूला होते. गावातील जाणकार हात अशा रीतीने गळून पडतो. अशा घरी पहिला खर्च सुईवर न करता चाळिशीवर करावा. तोवर शाळेत जाणाऱ्या नातवंडाने सकाळी पाच-सहा सुया एकाच दोऱ्यात ओवून रिळावर ठेवाव्यात. आजी हवी तेव्हा एक सुई पुढे घेते, दीड हात दोरा तोडते व शिवू लागते. बारीक तारेचे ओवणीही शिवणाच्या दुकानात अल्प किमतीत मिळते.

अंगुस्तान व कात्री

अंगुस्तान घालण्यास नवशिक्या मुली नाखूश असतात. बोट अडकल्यासारखे वाटते ही त्यांची तक्रार पहिले दोन दिवस खरीही असते. परंतु चार-पाच थरांतून जाड सुई दाबताना सुईचे मागचे टोक मधल्या बोटात रुतते, व तिसऱ्या दिवशी ते बोट कामालाच येत नाही. पुढे त्याच हातात कोयता धरावयाचा असतो, हे विसरता येत नाही. धातूचे, बाहेरून खळगे असलेले अंगुस्तान घ्यावे. ते मधल्या बोटात बसले पाहिजे, पण हात खाली केल्यावर पडता कामा नये. दुकानात हात खाली झटकूनच ते निवडावे. सुई थरांत अडकली तर दातांनी ओढू नये. जुन्या सायकलच्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा चिमटीत धरून ओढल्यास ती सहज निघते. हे साधन पंक्चर काढणाऱ्याकडे फुकट मिळते.

कात्रीविषयी थोडक्यात सांगता येईल. ती मध्यम आकाराची असावी व दुकानातच चार पदरी कापडावर, पात्याच्या टोकापर्यंत कापते की नाही हे पाहून घ्यावी. बहुतेक कात्र्या मुळाशी कापतात आणि टोकाशी कापड चावतात. कापडाची कात्री कागदाला, प्लॅस्टिकच्या पिशवीला व बियाण्याच्या पाकिटाला लावू नये. शेतकऱ्याच्या घरी हाच नियम सर्वांत आधी मोडतो. तसे पाहता सुती लुगडे कात्रीने कापण्यापेक्षा काठाला एक चीर देऊन हाताने फाडणेच बरे, कारण ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. कृत्रिम धाग्याची साडी मात्र अशी सरळ फाटत नाही, तिला कात्रीच लागते.

घरातलीच साधने

गोधडीचे सर्वांत मोठे साधन विकत मिळत नाही. ते म्हणजे अडीच मीटर लांब व दोन मीटर रुंद अशी स्वच्छ, सपाट जमीन. फरशी असो वा सारवलेली ओसरी, खालचा थर तिच्यावर सुरकुती न राहता ताणून बसला पाहिजे. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्याचे भरलेले तांबे, विटा, जे हाताशी असेल ते वजन ठेवावे. थर रचून झाल्यावर मधोमध सुरुवात करून बाहेरच्या बाजूस लांब लांब कच्चे टाके घालावेत. त्यासाठी वेगळ्या रंगाचा कोणताही जुना दोरा चालतो, कारण तो शेवटी उसवून काढावयाचा असतो. सेफ्टी पिना असल्यास हेच काम त्या करतात. कच्चे टाके न घालता सुरुवात केली, तर आतला थर सरकतो व गोधडीत गोळे होतात. अशा गोळ्यावर झोपलेल्याची पाठ सकाळी दुखते.

ओळ आखण्यासाठी पट्टी किंवा खास खडू आणण्याची जरुरी नाही. गवंडी भिंतीवर रेष मारतो तशी सुती दोरी शाळेच्या खडूच्या भुकटीतून ओढून दोघींनी दोन टोकांना ताणून धरावी व मध्ये टिचकी द्यावी. सरळ रेष उमटते आणि धुण्यात निघून जाते. हळद किंवा कुंकू यासाठी वापरू नये, त्याचे डाग राहतात. मोजमापाला वीत व हात पुरेसे आहेत. गोधडी विकण्यासाठी करावयाची असेल, तेव्हाच इंचीटेप घ्यावा, कारण गिऱ्हाईकाला ठरलेले माप हवे असते आणि प्रत्येकीचा हात सारखा नसतो.

कच्चे टाकेही टाळता येतात, याचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि चौकोनात फिरत मध्याकडे येतात. जसजसे पुढे जावे तसतसे एकेक ठिगळ ठेवून, त्याची कड बोटाने आत दुमडून त्यावर धावदोरा घालतात. सुई, दोरा व बोटे यांवाचून त्यांना दुसरे काही लागत नाही. कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची लहान ‘फुले’ लावल्याशिवाय मात्र त्यांची गोधडी पुरी होत नाही. ही रीत हाताला सवय झाल्यावर आपलीशी करण्यासारखी आहे. पहिल्याच गोधडीला ती घेऊ नये.

न घ्यावयाच्या वस्तू

शिलाई मशीन ही उपयुक्त वस्तू आहे, यात शंका नाही. परंतु घरगुती पायमशीनच्या दाबपट्टीखाली पाच-सहा थर व काठाची जाड शिवण जाताना सुई मोडते, आणि अख्ख्या गोधडीची गुंडाळी मशीनच्या हाताखालून सरकविताना एकटीच्या खांद्याला ओढ बसते. घरी मशीन असेल तर ठिगळे एकमेकांना जोडणे व कडेचा गोट लावणे ही कामे तिच्यावर अवश्य करावीत. जाड शिवणीला 16 किंवा 18 क्रमांकाची सुई लावावी. मशीन नसेल, तर केवळ गोधडीसाठी ती घेऊ नये व त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

मोबाईलवर परदेशी गोधड्यांची चित्रफीत पाहून गोल पात्याची कातर, तिच्याखाली घालावयाची रबरी चटई, पारदर्शक पट्ट्या व लाकडी कडी यांची विचारणाही आता खेड्यांतून होऊ लागली आहे. फिरत्या गोल पात्याची ही कातर जपानमधील ओल्फा या कंपनीने 1979 साली प्रथम आणली. नव्या कापडाचे एकाच मापाचे शेकडो तुकडे कापणाऱ्यास तिचा मोठा उपयोग होतो. हाताने फाडता येणाऱ्या लुगड्यास तिचे प्रयोजन नाही, आणि ज्या ओसरीवर मूल रांगते तेथे तिचे उघडे पाते धोक्याचे आहे. परदेशी म्हणजे महागडी साधने असाही नियम नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड या गावी गरीब कृष्णवर्णीय शेतमजूर घराण्यांतील स्त्रिया झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या थंडीसाठी शिवत आल्या. त्याच गोधड्या 2002 साली ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या.

कापडाविषयी एक खबरदारी

कापड हे साधन नव्हे, तरी त्यावाचून साधनाची निवड पुरी होत नाही. पूर्वी घरात सारे कापड सुतीच असे. संत गाडगे महाराजांना (1876–1956) त्यांच्या अंगावरील चिंध्यांच्या वस्त्रामुळे लोक गोधडे महाराज म्हणत, त्या काळी चिंधी म्हणजे सुताचीच. आज घरात साचणाऱ्या जुन्या साड्यांपैकी बऱ्याच कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या झिजत नाहीत, रंग टिकवितात, म्हणून वरच्या थराला त्यांचा मोह पडतो. परंतु त्या घाम शोषीत नाहीत, निसरड्या असल्याने शिवताना सरकतात, आणि सर्वांत वाईट म्हणजे ठिणगी लागली असता वितळून अंगाला चिकटतात. कोपीत चूल व अंथरूण यांत दोन हातांचेही अंतर नसते, हे लक्षात घेता कृत्रिम साडी निदान अंथरुणाच्या व बाळाच्या दुपट्याच्या थरांत घालू नये.

ओळख पटविणे सोपे आहे. काठातून एक-दोन धागे उपसून ते चिमट्यात धरावेत व मोकळ्या जागी, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून, पेटवून पाहावेत. सुताचा धागा कागदासारखा जळतो व त्याची हलकी राख होते. कृत्रिम धागा आखडतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी बनतो. मण्याला गरम असता हात लावू नये.

निवडलेले कापड शिवण्यापूर्वी धुऊन कडक उन्हात वाळविणे आवश्यक आहे. घाटनांदूरच्या परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढ असते आणि नेमका तोच काळ शिवण्याच्या फुरसतीचा. यासाठी गावी राहणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी पौष-माघात, विहिरींना पाणी असतानाच, जुनी लुगडी व धोतरे धुऊन, घडी करून ठेवावीत. फडावरची माणसे परतेपर्यंत कापड तयार असते व उन्हाळ्यात पाणी खर्चावे लागत नाही.

पहिले काम व सुयांची मोजणी

नवशिक्या हाताने पहिल्याच खेपेस मोठी गोधडी मांडू नये. 90 सेंटीमीटर लांब, 75 सेंटीमीटर रुंद असे तीन थरांचे दुपटे घ्यावे. ओळी दोन सेंटीमीटरवर ठेवल्यास शिवण सुमारे 34 मीटर होते, आणि एकेरी 40 ते 50 मीटर दोऱ्यात ते पुरे होते. हात वाकडा गेला तरी नुकसान थोडे, व चुका एकाच आठवड्यात ध्यानात येतात. टाका बोटाच्या नखापेक्षा मोठा होऊ देऊ नये. लांब टाक्यात बाळाची बोटे अडकतात, तसेच मोठ्या गोधडीत जोडवी व पैंजण अडकून दोरा तुटतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना प्रात्यक्षिक घ्यावयाचे असल्यास दुपट्याचेच घ्यावे. एका दुपारी मांडणी व कच्चे टाके, दुसऱ्या दुपारी धावदोरा, अशा रीतीने ते दाखविता येते. जाणकार आजीबाईंना पुढे बसवावे व कार्यकर्त्याने मागे राहावे.

गोधडी शिवताना हरवलेली सुई बहुधा गोधडीतच असते. तीन-चार जणी चार बाजूंनी बसल्या असता कोणाची सुई कोठे टोचून राहिली हे कळत नाही. थरांत आडवी गेलेली सुई हाताला लागत नाही, पण तिच्यावर झोपलेल्या मुलाच्या अंगात ती शिरू शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सुया मोजून एका ठरलेल्या फडक्यात खोचाव्यात व उठण्यापूर्वी पुन्हा मोजाव्यात. रिळावर ओवून ठेवलेल्या सुयाही या मोजणीत धराव्यात. मोजणी जुळली नाही तर कोणीही उठू नये, गोधडी उचलू नये व मुलांना तेथे येऊ देऊ नये. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधील चुंबक गोधडीवरून व जमिनीवरून सावकाश फिरवावे. सुई मोडली असेल तर तिचे दोन्ही तुकडे जुळवून पाहावेत, एक सापडला म्हणून समाधान मानू नये. मोडके तुकडे झाकणाच्या बाटलीत साठवावेत, केरात टाकू नयेत, कारण केर उकिरड्यावर जातो आणि उकिरड्याचे खत पुढे अनवाणी पायांखाली शेतात येते.

तयार गोधडी पहिल्यांदा वापरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी तळहाताने चाचपून एकदा उन्हात टाकावी. ऑक्टोबरात ट्रॉली भरताना वळकटीच्या आत न ठेवता, भांड्यांच्या पिशवीत एका झाकणाच्या डबीत दोन सुया, अंगुस्तान, त्याच दोऱ्याचे उरलेले रीळ आणि सुती कापडाची दोन-तीन ठिगळे ठेवावीत. फडावर सुटलेला टाका त्याच रात्री घातला, तर भोक बोटाएवढेच राहते.